बिनहँडलचं कॅबिनेट

कॉम्प्युटरचं कॅबिनेट घ्यायला गेलेली माणसं दुकानात जे विचारतात, त्यातलं दौलतकाकांनी काहीच विचारलं नाही. पंखे किती बसतात, आत दिवे लागतात का, काच फुटली तर बदलून मिळेल का, काही नाही. दुकानदार नको नको म्हणत असताना त्यांनी चपला बाहेर काढल्या, आत येऊन भिंतीला ओळीनं मांडलेल्या काचेच्या खोक्यांवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, “ह्यातला सगळ्यात जड कुठला?”

लॅमिंग्टन रोडवर वीस वर्षं धंदा केलेल्या जिग्नेशभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

“अंकल, लोक हलका मागतात.”

“लोकांना मागू दे. तुमी जड दाखवा.”

मला तिथं नेलं होतं इंजिनिअर म्हणून. मी इंजिनिअर नाही. विट्याच्या कॉलेजातून बीएस्सी करून मुंबईत आलो, परळच्या एका ऑफिसात साहेब लोकांचे पासवर्ड हरवले की शोधून देतो आणि रविवारी ओळखीपाळखीत कोणाचा कॉम्प्युटर जोडून देतो. पण चाळीत एकदा एखाद्याला इंजिनिअर म्हटलं की तो आयुष्यभर इंजिनिअर. वायरमनचंही तसंच आहे.

दौलत घाडी, वय सदुसष्ट. गाव कणकवलीच्या पलीकडे. नेमकं कुठं ते मला त्यांनी चार वेळा सांगितलं आणि चारही वेळा वाटेतली नदी वेगळी होती. एकोणिसाव्या वर्षी मुंबईत येऊन मिलच्या फोल्डिंग खात्यात लागले. तयार कापड उजेडासमोरून सरकवायचं, त्यातली गाठ, तुटका धागा, तेलाचा डाग डोळ्यानं धरायचा, घडी घालायची आणि तागा उचलून पुढं द्यायचा. दिवसाला शेकड्यानं तागे. त्यातून हातालाच वजनकाटा बसला. संपानंतर मिल बदलली, मग ती दुसरी मिलही गेली, मग काका चिवडा गल्लीत पाकिटं भरायला लागले. तिथला मालक म्हणे त्यांना काट्याशिवाय पाव किलो भरायला सांगायचा आणि मग गिऱ्हाइकाला काट्यावर घालून दाखवायचा, जत्रेतला खेळ असल्यासारखा. हे मी पाहिलेलं नाही. पण संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की दारातच माझी सॅक हातात घेऊन ते म्हणतात, “चार किलो. डबा खाल्लेला नायस.” ते मात्र रोज ऐकतो. आम्ही तीन पोरं लालबागच्या चाळीत काकांच्या शेजारच्या खोलीत राहतो आणि जेवायला त्यांच्याकडे असतो. काकू गेल्यापासून स्वयंपाक ते स्वतः करतात. आमटीत मीठ अंदाजानं टाकतात, आणि एवढा एकच अंदाज त्यांचा चुकतो.

त्यांची नात पूर्वी. सुशांतची मुलगी. सुशांत, म्हणजे काकांचा मुलगा, ती नऊ वर्षांची असताना बायको-पोरीला घेऊन बदलापूरला गेला. भांडण वगैरे काही नाही. खोली तेवढीच राहिली आणि माणसं वाढली, एवढंच. लालबागला असताना रोज शाळेतून आली की ती दप्तर आबांच्या, म्हणजे काकांच्या, हातात ठेवायची. “किती, आबा?” “साडेतीन. आज भूगोल हाय.” दप्तर उघडायचं, भूगोल निघायचा.

मधली नऊ वर्षं हा खेळ सणावारालाच. मग पूर्वीला माटुंग्याला अॅनिमेशनच्या कोर्सला प्रवेश मिळाला आणि काकांचं नशीब फिरलं. तीन वर्षं ती कॉलेज सुटलं की बस पकडून दुपारी दीडला लालबागला. जेवायची, कानाला हेडफोन लावून काम करत बसायची, उन्हं उतरली की बदलापूरला. त्या तीन वर्षांत काकांनी दुपारची झोप सोडली. खाटेवर बसून राहायचे. पोरगी पाठमोरी, बोलणं नाही, चालणं नाही. मी एकदा विचारलं, “काका, कंटाळा नाही येत?” तर म्हणाले, “तुला मिलमधला कळायचा नाय. मागाच्या आवाजात कोण बोलतो? पण बाजूला माणूस असतोच ना.”

मार्चमध्ये कोर्स संपला.

“आबा, आता घरूनच काम करणार,” पूर्वी म्हणाली. “लग्नाचे व्हिडिओ, जाहिराती, मिळेल ते. पण लॅपटॉप फार तापतो. चांगला कॉम्प्युटर जोडून घ्यायला पाहिजे.”

काका तव्यावरचा बांगडा उलटत होते. उलटून झाल्यावर म्हणाले, “मी घेतो. पण राहील हयसर.”

“इथे?”

“हयसर येऊन काम कर. आतापर्यंत करत होतीस तसा.”

ती हसली. “चालेल. फक्त मधेमधे बदलापूरला न्यायला लागेल हां.”

हा ‘मधेमधे’ काकांच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला. दोन दिवसांनी तिनं मला एक फोटो पाठवला: बुटाच्या खोक्यापेक्षा जरासं मोठं, एका बाजूला काच, वर धरायला चामड्याचं हँडल. खाली लिहिलं होतं, ‘मयूरदादा, असं बघा ना.’ (माझ्या मनात तिच्याबद्दल जे काही होतं ते त्या ‘दादा’पाशी, तिसऱ्या अक्षराच्या आतच, निवर्तलं. तो विषय संपला.) मी फोटो काकांना दाखवला. त्यांनी मोबाईल लांब धरून पाहिला.

“हा तर डबा हाय. जेवणाचा.”

“छोटं आहे, पण सगळं बसतं. ट्रेनमधूनसुद्धा नेता येईल.”

“ताच तर,” काका म्हणाले.

म्हणून आम्ही जिग्नेशभाईंच्या दुकानात सगळ्यात जड कुठलं हे विचारत होतो.

जिग्नेशभाईंनी तीन कॅबिनेटं काढून टेबलावर ठेवली. पहिलं पुढून जाळीचं, एका बाजूला पारदर्शक काच. दुसरं पूर्वीच्या फोटोतलंच, हँडलवालं. तिसरं म्हणजे प्रकरण होतं: पुढं काच, दोन्ही बाजूंना काच, आणि उंचीला माझ्या कमरेच्या जरा खाली. आमच्याकडे विट्याला सोनाराच्या दुकानात अशी कपाटं असतात.

काकांनी पहिल्याखाली दोन्ही हात घातले, बोटभर उचललं. “साडेसात.” दुसरं एका हातानं, त्याच्या हँडलकडे न बघता. “चारला कमी.” तिसऱ्यापाशी पाय फाकवून उभे राहिले, श्वास घेतला, उचललं, ठेवलं. “साडेतेरा.”

जिग्नेशभाईंनी खोक्यावरची चिठ्ठी वाचली. मग पुन्हा वाचली. “तेरा पॉइंट सहा. अंकल, आधी कुठे होता?”

“फोल्डिंगमधे.”

इथं मला आपलं ज्ञान दाखवणं भाग होतं. “काका, हे तिसरं दिसायला छान आहे, पण पुढं काच म्हणजे समोरून वारा नाही. हवा खालून ओढणार. आत ग्राफिक्स कार्ड तापणार. जाळीवालं थंड राहतं.”

“खालून ओढतो? मग जाळी खय त्याची?”

जिग्नेशभाईंनी तळातून एक सरकती जाळी ओढून दाखवली. काकांनी ती उजेडासमोर धरली, नखानं एक तार हलवून पाहिली. आमची खोली मसाला गल्लीच्या मागं. एप्रिल-मे महिन्यात खाली डंकावर मिरची कांडायला अख्ख्या मुंबईतल्या बाया येतात आणि वर आम्ही सगळे एका सुरात शिंकतो. त्या खोलीत पंखा लावलेला कुठलाही डबा म्हणजे आतून मालवणी मसाल्याची फोडणी.

“वीण बारीक हाय,” काका म्हणाले. “मिरची अडकेल. धुवायची?”

“हप्त्यातून एकदा.”

“मी धुवीन. उंच स्टुलावर ठेवला तर चालेल ना? मग वारा पण मिळेल.”

तोडगा बरोबर होता. मी गप्प बसलो. इंजिनिअर असल्यावर गप्प कधी बसायचं एवढं तरी कळावं.

मग ते काचेकडे वळले. पाठीमागे हाताचा पंजा धरून पुढून बघणं, मग डोळा काचेच्या कडेला लावून ट्यूबलाईटच्या दिशेनं लांब नजर टाकणं. “इथं लाट हाय.” मला काही दिसेना. जिग्नेशभाईंना दिसेना. चष्मा लावल्यावर त्यांना दिसली. गोदामातून दुसरं कॅबिनेट आलं.

“काळी काच आणि साधी काच, दोन्ही येते,” जिग्नेशभाई म्हणाले आणि काळ्या काचेचं तसंच एक शेजारी आणून ठेवलं.

“काळी कशाला? चोरीचा माल ठेवायचा हाय काय आत?”

“अंकल, स्टाईल असते.”

“साधी द्या.” असं म्हणत काका काळ्या काचेपुढून वळले, आणि थांबले. पुन्हा मागं आले. जरा डावीकडे सरकले, जरा उजवीकडे. मान तिरकी केली. मला म्हणाले, “तू त्या स्टुलावर बस.” बसलो. “टेबलाकडे तोंड कर.” केलं. ते लांब जाऊन दाराशी उभे राहिले आणि काचेकडे बघत बसले. दोन गिऱ्हाइकं त्यांना वळसा घालून आत आली.

“काळी द्या,” ते म्हणाले.

“आता काय झालं?”

“स्टाईल असते,” काका म्हणाले.

एवढ्यावर थांबले नाहीत. “मयूर, हा उचल आणि जिना उतरून परत वर ये.”

दुकान पहिल्या मजल्यावर. साडेतेरा किलो, धरायला कुठं कड नाही, काचेवर बोटं घसरतायत. मी उतरलो, वळलो, चढलो. वर आलो तेव्हा श्वास तोंडानं घेत होतो आणि बोटांवर कडेचे लाल वळ होते. काकांनी माझी बोटं आपल्या हातात घेऊन पाहिली. चेहऱ्यावर समाधान पसरलं.

“हा द्या.”

“काका,” मी म्हणालो, “तुम्ही तिला कॉम्प्युटर देताय की तिच्यापासून लपवताय?”

“तिला देतोय. तिथे देत नाय.” आणि मग जरा हळू, “जड मालाक पाय नसतत रे. फोल्डिंगातला हलका माल चोरीला जायचा. जड तागा कोणी हलवला नाय कधी.”

घरी आल्यावर शोकेस रिकामं करून कोपऱ्यातून हलवलं. त्यातली काकूंची बाहुली, सुशांतचा कॅरमचा कप, रिकाम्या अत्तराच्या बाटल्या पेटीत गेल्या, आणि त्या कोपऱ्यात उंच स्टुलावर कॅबिनेट बसलं. काच लादीला टेकली तर टेम्पर्ड काचेचा क्षणात भुगा होतो, असं मी आधीच बजावलं होतं, म्हणून जोडणीच्या रविवारी काकांनी जमिनीवर गोधडी, गोधडीवर चटई आणि चटईवर मला बसवलं. सगळं जोडून झाल्यावर मी कॅबिनेट भिंतीला सरळ लावलं. काकांनी ते तिरकं केलं. मी सरळ केलं. त्यांनी पुन्हा तिरकं केलं.

“वायर ताणतेय, काका.”

“लांब वायर आण.”

पूर्वी आली. दारातच थांबली.

“आबा! हे काय, फ्रिज?”

“बस, बघ तरी.”

“आणि मी पाठवलेलं? हँडलवालं?”

“तो मॉडेल बंद झाला,” काका म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं.

“बंद झाला,” मी म्हणालो. पोटापाण्याचा प्रश्न होता.

तिनं दोन्ही हात घालून उचलायचा प्रयत्न केला. आता आत सगळं बसवल्यावर ते वीसच्या पुढं गेलं होतं. हललं नाही. तिनं आबांकडे बघितलं, बराच वेळ. मला वाटलं आता चिडते. पण ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “आज जेवायला काय आहे?”

मग ती येत राहिली. आठवड्यातून चार दिवस, दीडच्या ठोक्याला. ‘मधेमधे’चा विषय पुन्हा निघाला नाही. कॅबिनेटच्या पोटात मी निळे-जांभळे दिवे बसवले होते. लावले की काळ्या काचेतून आतले पंखे, तारा सगळं दिसायचं, अगदी मत्स्यालयासारखं. पूर्वीला फार आवडायचं. पण ती बसली की खाटेवरून आवाज यायचा, “दिवे नको गो. वीज कित्याक जाळतंस?”

“आबा, ह्याला वीज लागतच नाही म्हटलं तरी चालेल.”

“तरी पण.”

ती बंद करायची. मलाही हे काकांच्या स्वभावात बसणारं वाटलं नाही. खोलीतला पंखा ते हिवाळ्यातही बंद करत नाहीत. पण म्हाताऱ्या माणसाची काटकसर कुठं उगवेल याचा नेम नसतो म्हणून सोडून दिलं. दर रविवारी ते जाळी धुवायचे आणि काच पुसायचे, मिलच्या मलमलीचा एक जुना तुकडा होता त्यानं. मे महिन्यात तो तुकडा लाल व्हायचा.

दिवाळीनंतर हैदराबादच्या एका स्टुडिओनं पूर्वीला नोकरी दिली. चांगली. सिनेमात डोंगर कोसळतात, समुद्र उसळतो, ते बनवणारा स्टुडिओ. ती सांगायला आली तेव्हा काका आनंदानं उठले, देवापुढं साखर ठेवली, तिच्या हातावर ठेवली, माझ्या हातावर ठेवली. मग खाटेवर बसले आणि म्हणाले, “पण हा कसा नेणार? ट्रेनमधे घेणार नाय. कुरिअरवाले काच फोडतील.”

आवाजात काळजी होती. काळजीच्या आत थोडी आशा होती. आम्हा दोघांनाही ती ऐकू आली.

“न्यायचं नाहीये, आबा. मशीन ऑफिस देणार. मी फक्त माझं काम घेऊन जाते.” आणि माझ्याकडे वळून, “मयूरदादा, काढून देता?”

मी मशीन बंद केलं, काच उतरवून गोधडीवर ठेवली, आत हात घातला. एकच स्क्रू. च्युइंगमच्या कांडीएवढी स्टोरेजची पट्टी बाहेर आली. आठ महिन्यांची सगळी लग्नं, सगळ्या जाहिराती, कोर्सच्या परीक्षेसाठी तिनं बनवलेला उडणारा कावळा, सगळं त्यात.

“हे?” काका म्हणाले.

पूर्वीनं ती पट्टी घेतली आणि सवयीनं त्यांच्या तळहातावर ठेवली. “किती, आबा?”

त्यांनी हात हलवला. वर, खाली. डोळे मिटले. पुन्हा वर, खाली. खाली डंक चालू होता, त्याचा आवाज तेवढा येत होता.

“बोला ना.”

“ह्याचा वजन हाताक लागणा नाय,” काका म्हणाले.

तिनं ती उचलून घेतली, रुमालात गुंडाळली, पर्समध्ये ठेवली. काका माझ्याकडे बघत होते.

“हा पहिल्यापासून असा निघत होता?”

“हो.”

“एका स्क्रूवर?”

“हो.”

“आणि तू माका जिना चढून-उतरून दाखवलंस.”

“तुम्ही सांगितलंत, काका.”

ते उठले. फळीवरची बरणी काढली, पिशवीत मसाला भरला, काट्याशिवाय, तोंड बांधलं, पूर्वीच्या बॅगेत वरच्या बाजूला दाबून बसवला. “दीड किलो. हा तरी वजनाचा ने.”

“आबा, दीड किलो मसाला मी दोन वर्षं खाईन!”

“मग दोन वर्षांनी न्यायला ये.” मग लगेच, “नाय, गणपतीक ये. तेव्हा संपला नाय तरी ये.”

ती वाकून नमस्कार करून गेली. जिन्यावरून तिच्या बॅगेच्या चाकांचा आवाज प्रत्येक पायरीला येत होता. काका पायऱ्या मोजत असावेत. शेवटची झाल्यावर आत वळले.

मी माझ्याकडची एक जुनी पट्टी बसवून मशीन पुन्हा चालू करून दिलं. म्हटलं, व्हिडिओ कॉल करा पूर्वीला, शिकवतो. काका हो म्हणाले, शिकले नाहीत. जाळी मात्र दर रविवारी धुतात.

परवा शनिवारी मला सुट्टी होती. ऑफिसची एक ऑनलाईन परीक्षा द्यायची होती, आमच्या खोलीत बाकीचे दोघे झोपलेले, म्हणून काकांकडे येऊन पूर्वीच्या खुर्चीवर बसलो. दीड वाजत आला होता. काका खाटेवर. मी सवयीनं दिवे लावले नव्हते. दोन-तीन प्रश्न सोडवले असतील.

“मयूर, ऊठ तिथून.”

“परीक्षा चालू आहे, काका.”

“मोबाईलवर दे. ऊठ.”

“झालं काय पण?”

“काचेत तू दिसतोस.”

मी उठलो. त्यांच्याजवळ खाटेवर जाऊन बसलो आणि ते बघत होते तिकडे पाहिलं. तिरक्या लावलेल्या काळ्या काचेत, विझलेल्या दिव्यांवर, रिकामी खुर्ची समोरून दिसत होती. तिथं कोणी बसलं असतं तर पाठ आमच्याकडे आणि चेहरा, कपाळापासून हनुवटीपर्यंत, काचेत.

आठ महिने वीज वाचवत होते म्हणे.

“दिवे लावू?” मी विचारलं. “मग आतलं दिसेल, खुर्ची नाही दिसणार.”

“नको.”

मी जाऊन खुर्ची टेबलाखाली सरकवायला लागलो, जाताना ती सरकवायची तशी.

“आत नको,” काका खाटेवरून म्हणाले. “बाहेर घे. अजून. आता जरा डावीकडे.”